डॅटसन २४०झीला मागचे पॉलीयुरेथेन बुश: ११ महिन्यांनंतर

मागच्या रविवारी गाडी रिव्हर्समध्ये बाहेर काढताना डाव्या मागच्या चाकापाशी करकर ऐकू आली, जुन्या झोपाळ्याच्या कड्या करकरतात ना अगदी तशी, आणि डोकंच फिरलं. हे पॉलीयुरेथेनचे बुश (सस्पेन्शनच्या सांध्यांत बसणाऱ्या नळीसारख्या गाद्या) बसवून ११ महिने झालेत, जेमतेम ४,२०० मैल. तिसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर डोळे झाकून पाच स्टार दिले असते, आज तीन देतोय.

गाडी १९७२ची, सगळं आयुष्य न्यू जर्सीत काढलेली, म्हणजे हिवाळ्यातलं रस्त्यावरचं मीठ भरपूर खाल्लेली. त्रास असा होता की रॅम्पच्या वळणावर ॲक्सिलरेटर सोडला की मागची बाजू क्षणभर आपल्या मनाने आत वळायची, परत पाय दिला की सरळ. अलाइनमेंटवाला म्हणाला मागचा टो (चाकं किती आत-बाहेर वळलीत तो कोन) बिघडलाय, पण या गाडीला मागे टो ॲडजस्ट करायची सोय कंपनीने दिलेलीच नाही, बुश गेले की टो गेलाच. पहारीने सस्पेन्शनचा आर्म (चाक धरून ठेवणारी दांडी) रेटून बघितला तर जुन्या बुशांच्या रबराचा अक्षरशः चुरा खाली पडला. गॅरेजवाल्याने नुसत्या मजुरीचे १,४०० डॉलर सांगितले. तेवढे पैसे आठ बुशांपायी घालवणं मला पटलं नाही, म्हणून घरीच करायचं ठरवलं.

आता स्पिंडल पिनबद्दल. वीतभराहून लांब लोखंडी पिन, स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकच्या उभ्या खांबाच्या) तळातून आणि आर्मच्या चाकाकडच्या दोन्ही बुशांतून आरपार जाते, मधे एक निमुळती लॉक पिन तिला धरून ठेवते. लॉक पिन निघाली, दोन्ही टोकांचे नट निघाले, पण मुख्य पिन ढिम्म हलेना. ५० वर्षांचा गंज. आठवडाभर रोज रात्री गंज सोडवायचं तेल मारलं, गॅसच्या टॉर्चने तापवली, पुलर (पिन ओढून काढायचं अवजार) लावला तर आटेच उपटून आले. कृपा करून पिनवर थेट हातोडी मारू नका, टोक फुगतं आणि मग ती कुठल्याच बाजूने निघत नाही. डाव्या बाजूची शेवटी स्ट्रट आणि आर्मच्या फटीत करवत घालून दोन्हीकडे कापली आणि स्ट्रटमधला तुकडा २० टनी प्रेसवर काढला. तो सुटला तेव्हा बंदुकीसारखा आवाज झाला, वरून बायको धावत खाली आली. उजवी पिन मात्र पुलरने निघाली, का ते देवाला माहीत.

मग जुने बुश. नुसतं रबर काढून भागत नाही, बाहेरचं लोखंडी नळकांडंही काढावं लागतं, कारण पॉली बुश थेट आर्मच्या भोकात बसतो. किटच्या कागदावर यासाठी एकच ओळ आहे. रबर ड्रिलने पोखरलं (जाळू नका, धूर फार घाण असतो), मग हॅकसॉचं पातं आत घालून नळकांड्याला उभी चीर दिली आणि छिन्नीने आत दुमडलं. चीर देताना आर्मला खाच पडू देऊ नका. एकेका बुशाला पाऊण तास गेला.

पण पहिल्याच चकरेला सगळे कष्ट विसरलो. तोच रॅम्प, तसाच पाय सोडला आणि गाडी रुळावरून चालल्यासारखी. दणके थोडे जास्त लागतात, ते मला चालतात.

आणि मग ही करकर. विक्रेत्याला ईमेल केला तर उत्तर आलं, "थोडा आवाज होणं नॉर्मल आहे." अहो, नॉर्मल कसं? रबराचा बुश दोन्ही नळकांड्यांना चिकटवलेला असतो, तो घसरत नाही, नुसता पिळला जातो, म्हणून आवाज नाही (आणि म्हणूनच रबरी बुशाचे नट गाडी चाकांवर उभी असताना आवळायचे). पॉली मात्र आतल्या नळीवर फिरतो, त्याला ग्रीस लागणारच. मग आठ बुशांना बोटभर ग्रीसचं एकच पाकीट का देता? एवढे पैसे घेऊन दोन डॉलरच्या ग्रीसमध्ये काटकसर? मला याचा खरंच राग आहे.

इथपर्यंत रविवारी लिहिलं होतं, पुढचं आज शनिवारी. दरम्यान कोल्हापूरला बाबांना फोन केला होता. त्यांनी वर्षानुवर्षं फियाट वापरली, पहिला प्रश्न हाच, "अरे, ग्रीस कुठलं लावलंस?" तेव्हा आठवलं. पाकीट संपल्यावर डाव्या बाहेरच्या दोन बुशांना डब्यातलं साधं चॅसिस ग्रीस लावलं होतं. आज उघडून बघतो तर तेच दोन कोरडे ठणठणीत, ग्रीस पाण्याने धुऊन गेलेलं, नळीवर लाल गंजाची रेघ. बाकी सहा, पाकिटातलं चिकट सिलिकॉन ग्रीस लावलेले, अजून ओले आणि गप्प. म्हणजे बुशात खोट नाही, म्हणून तिनाचे चार स्टार करतोय, पाचवा त्या पाकिटापायी देणार नाही. ऑर्डर करतानाच सिलिकॉन ग्रीसची एक मोठी ट्यूब वेगळी मागवा.

आज ती डावी पिन परत काढायची होती म्हणून सकाळपासून पोटात गोळा होता. नवीन पिन बसवताना तिला अँटी-सीझ (गंजून अडकू नये म्हणून लावायची पेस्ट) चोपडलं होतं. लॉक पिन काढली, नट काढले, लाकडी ठोकळ्याने दोनदा ठोकलं आणि पिन सरकत सरळ हातात आली.