पीडीओ आणि स्ट्रिक्ट मोड: काही महिने वापरल्यावर

जुनी पीएचपी (वेबसाइटचा कोड लिहायची भाषा) सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पीडीओ म्हणजे पीएचपीतून डेटाबेसशी बोलायची सोय, आणि स्ट्रिक्ट मोड म्हणजे चुकीची किंमत गुपचूप न घेता एरर द्यायची मायएसक्यूएल या डेटाबेसची शिस्त. लाराव्हेल ही पीएचपीची तयार चौकट वापरणाऱ्यांना यातलं बरंचसं आयतं मिळतं, त्यांनी पुढे सरकलं तरी चालेल. पण क्लासेस, पतसंस्था, मंगल कार्यालयं यांची कामं अजूनही सुट्या स्क्रिप्टांवर चालतात, आणि तिथून येणारी तक्रार बहुतेक वेळा एकच असते: "सेव्ह झालं असं दिसलं, पण यादीत नाव नाही."

माझ्याकडे वसईच्या एका क्लासचं प्रवेश आणि हजेरीचं काम आहे. कोड मला वारशात मिळालेला: मायएसक्यूएलआय (पीडीओसारखीच दुसरी सोय), टिंबांनी मजकुराचे तुकडे जोडून जोडून बनवलेल्या क्वेऱ्या (डेटाबेसला द्यायचे हुकूम), खाली मायएसक्यूएल ५.६. सर्व्हर मायएसक्यूएल ८.० वर न्यायची वेळ आली तेव्हा सगळी इन्सर्ट्स (नवी नोंद टाकणाऱ्या क्वेऱ्या) पीडीओच्या प्रिपेअर्ड स्टेटमेंटवर आणली (क्वेरीत किमतीच्या जागी प्लेसहोल्डर ही खूण ठेवायची, किंमत वेगळी द्यायची), एररमोड एक्सेप्शनवर ठेवला, म्हणजे चूक झाली की कोड तिथेच थांबतो, आणि स्ट्रिक्ट मोड मुद्दाम बंद केला नाही. स्ट्रिक्ट मोड ५.७ पासून डिफॉल्टच आहे. नेटवर मात्र अजूनही पहिला सल्ला मिळतो तो "एसक्यूएल मोड रिकामा करा, एरर जाईल" हाच, म्हणजे स्ट्रिक्ट मोड बंद करा. एरर जाते खरी.

सुरुवातीचे दिवस त्रासाचे होते. काल बिनबोभाट जाणारी इन्सर्ट्स आज धडाधड पडायला लागली. सरांचा फोन, "अहो, आधीचं बरं चाललं होतं की!" मग त्यांना पालकांच्या मोबाइल नंबरांचा कॉलम उघडून दाखवला. वरपासून खालपर्यंत एकच नंबर: २१४७४८३६४७. कॉलम होता इंट (पूर्णांकाचा प्रकार), कंसात दहा. बनवणाऱ्याला वाटलं दहा आकडी नंबर मावेल, पण कंसातला दहा फक्त दाखवण्याच्या रुंदीचा असतो. इंटची कमाल मर्यादा २१४७४८३६४७, आणि आपले मोबाइल नंबर सुरू होतात सहा ते नऊने, म्हणजे एकही मावणार नाही. स्ट्रिक्ट मोड नसला की मायएसक्यूएल नंबर छाटून कमाल आकडा ठेवतं आणि एक वॉर्निंग देतं, जी कुणी वाचत नाही. स्ट्रिक्टमध्ये तेच इन्सर्ट १२६४ एरर देऊन थांबतं. कॉलम व्हारकॅर (मजकुराचा प्रकार) केला, नंबर मात्र कागदी फॉर्मांच्या गठ्ठ्यातून परत टाइप करावे लागले. त्यानंतर सरांनी "आधीचं बरं होतं" म्हणणं सोडलं.

प्रिपेअर्ड स्टेटमेंटचा फायदा वसईत सांगावा लागत नाही. फॉर्म इंग्रजीत भरतात, आणि डिसूझा, डिमेलो ही आडनावं अ‍ॅपॉस्ट्रॉफीसकट लिहिली की जुनी क्वेरी तिथेच तुटायची, एरर १०६४ (क्वेरीची रचना चुकली). यावर आधीच्या माणसाने काढलेला तोडगा ऐका: ऑफिसातल्या ताईंना सांगून ठेवलं होतं की नावात वरचा स्वल्पविराम टाकायचाच नाही. बाहेरच्या कुणी त्याच फटीतून अख्खं टेबल पुसलं नाही हे नशीब. आता नाव जसंच्या तसं जातं. एक काळजी घ्या: प्लेसहोल्डरला अवतरणचिन्हांत घालू नका, नाहीतर तो प्लेसहोल्डर न राहता साधा मजकूर ठरतो.

१०६४ प्रिपेअर्ड स्टेटमेंटने संपत नाही, हेही ध्यानात ठेवा. बॅचच्या टेबलाचं नाव होतं ग्रुप्स, निकालाच्या टेबलात एक कॉलम रँक. ५.६ वर दोन्ही चालायचे, ८.० मध्ये दोन्ही शब्द राखीव झाले. टेबलाच्या किंवा कॉलमच्या नावाला प्लेसहोल्डर चालत नाही, तिथे नावाभोवती बॅकटिकच (` हे चिन्ह) हवी. एररमध्ये 'निअर'च्या पुढे जो मजकूर येतो तो वाचायची सवय लावा, घोळ तिथेच किंवा त्याच्या एक शब्द आधी असतो.

इमोजीचं प्रकरण सगळ्यांना कधी ना कधी भेटतं. शेऱ्याच्या रकान्यात कुणी व्हॉट्सअ‍ॅपवरून हात जोडलेले चिटकवले की एरर १३६६ (किंमत कॉलमला चालत नाही). मायएसक्यूएलचं जुनं यूटीएफ८ एका अक्षराला तीनच बाइट देतं. देवनागरी अक्षर तीन बाइटांत बसतं, त्यामुळे मराठी नीट दिसतंय म्हणजे सगळं ठीक आहे असं वाटत राहतं. इमोजीला चार लागतात. टेबल यूटीएफ८एमबी४ करा आणि कनेक्शनच्या ओळीतही तोच कॅरेक्टर सेट लिहा, एकाने भागत नाही.

आता पीडीओबद्दल तक्रारी. एक्झिक्यूटला (क्वेरी चालवणाऱ्या फंक्शनला) अ‍ॅरे, म्हणजे किमतींची यादी, दिली की तो सगळ्या किमती स्ट्रिंग (मजकूर) समजतो. त्यात फॉल्स ("नाही") दिलं की रिकामी स्ट्रिंग जाते, आणि स्ट्रिक्ट मोड आकड्याच्या कॉलममध्ये ती घेत नाही, परत १३६६. "फी भरली का" या रकान्याने यावर माझी अख्खी संध्याकाळ खाल्ली. आता हो-नाहीच्या किमती शून्य-एक करून देतो आणि फॉर्ममधून आलेली रिकामी किंमत नल (किंमतच नाही) करतो. दुसरं, एक्सेप्शनचा कोड २३००० येतो, आणि त्या एकाच कोडखाली तीन वेगळी दुखणी असतात: डुप्लिकेट नोंद, नल चालत नसलेला कॉलम, फॉरिन की (दुसऱ्या टेबलातल्या नोंदीचा दुवा) न जुळणं. पालकाला "हा नंबर आधीच नोंदवलाय" असं सांगायचं तर एररइन्फोमधला दुसरा आकडा बघावा लागतो, १०६२, १०४८ की १४५२. तिसरं म्हणजे एचवाय०९३: प्लेसहोल्डरची संख्या जुळत नाही एवढंच सांगतो, कुठला चुकला ते आपण मोजत बसायचं.

फक्त एरर दिसावी म्हणून पीडीओकडे यायची गरज नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो. पीडीओ पीएचपी ८.० पासून आपणहून एक्सेप्शन फेकतो, त्याआधी तो डिफॉल्टने मूग गिळून बसायचा. मायएसक्यूएलआयही पीएचपी ८.१ पासून तसाच वागतो. मला पीडीओ आवडला तो नावाच्या प्लेसहोल्डरसाठी, वीस रकान्यांच्या फॉर्मला प्रश्नचिन्हं मोजत बसावी लागत नाहीत. फक्त कुठूनतरी उचललेल्या कोडमधला रिकामा कॅच ब्लॉक (एक्सेप्शन पकडून गप्प बसणारा भाग) तेवढा काढून टाका. एरर लॉगमध्ये लिहा, पानावर छापू नका.

एवढं करूनही एक ठिकाण सुटतं, आणि ते डेटाबेसच्या अलीकडे आहे. हजेरीचं पान: साठ मुलं, प्रत्येकापुढे पंचवीस दिवसांचे ड्रॉपडाउन, म्हणजे १,५०० रकाने. पीएचपीची मॅक्स इनपुट व्हार्सची (एका वेळी किती रकाने घ्यायचे याची) मर्यादा मुळात १,०००. पुढचे रकाने ती टाकून देते, वॉर्निंग फक्त लॉगात. इन्सर्ट व्यवस्थित होतं, एक्सेप्शन नाही, स्ट्रिक्ट मोडला आक्षेप घ्यायला काही नाही, आणि चाळिसाव्या नावाच्या आसपास हजेरी संपते. मर्यादा वाढवून घेतली आहेच, शिवाय फॉर्मच्या अगदी वर एका लपवलेल्या रकान्यात मुलांची संख्या पाठवतो. आलेल्या नोंदी तेवढ्या नसतील तर ट्रान्झॅक्शन रोलबॅक, म्हणजे त्या वेळची सगळी इन्सर्ट्स रद्द.