५५ इंची फोर-के आणि नऊ फुटांवरचा सोफा: आठ महिन्यांनंतर

गेल्या दसऱ्याला टीव्ही घेतला. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आणि घरातल्यांना निमित्तच मिळालं. ५५ इंची, फोर-के (म्हणजे पडद्यावर आडवे जवळपास चार हजार ठिपके), चाळीस हजारांच्या आत-बाहेर. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढच्या निम्म्या तक्रारी टीव्हीच्या नाहीतच.

माझा कोल्हापुरात राजारामपुरीत फ्लेक्स छपाईचा धंदा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, तालमीचे बोर्ड, दुकानांच्या पाट्या. रोज कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला अंगठ्याएवढा फोटो घेऊन येतो आणि म्हणतो, ‘भावा, वीस बाय दहाला मार.’ मी रोज सांगतो, फोटो फाटणार, म्हणजे ताणला की धुरकट दिसणार. तोच मी शोरूममध्ये जाऊन फसलो.

तिथं पडद्यावर पोपट होता. मी दोन फुटांवर उभा, पिसाचा एकेक धागा मोजता येत होता. घरी आणून केबल जोडली, आईची मालिका लावली, तर नायिकेचं तोंड मेण वितळल्यासारखं. हिशेब सोपा आहे. साध्या केबलचं चित्र ७२० बाय ५७६, म्हणजे चार लाख पंधरा हजार ठिपके. पडदा ३८४० बाय २१६०, म्हणजे ८३ लाख. आलेल्या एका ठिपक्यामागं एकोणीस ठिपके टीव्हीनं आपल्या मनानं भरायचे. तोच अंगठ्याएवढा फोटो, तोच वीस बाय दहाचा फ्लेक्स. फक्त या खेपेला गिऱ्हाईक मी होतो.

केबलवाल्याकडून एचडी पॅक घेतला, तेव्हा चेहरे माणसांसारखे दिसायला लागले. फोर-के मात्र त्याच्याकडं नाहीच. टाटा स्कायनं फोर-केचा सेट-टॉप बॉक्स २०१५ च्या जानेवारीत आणला होता. त्याला अकरा वर्षं होऊन गेली, आमच्या केबलवर असं एकही चॅनल नाही. त्यामुळं फोर-के बघायचं तर इंटरनेटवरच, तेही अ‍ॅपच्या सगळ्यात महागड्या प्लॅनमध्ये.

नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग सांगतं. माझं कनेक्शन ५० चं, तरी रात्री नऊला चित्र पातळ व्हायचं. महिनाभर नेटवाल्याशी भांडलो. दोष निघाला आमच्या घराचा. जुनं बांधकाम, दीड फुटी दगडी भिंती, राउटर आतल्या खोलीत. शेवटी दीडशे रुपयांची लॅन वायर भिंतीच्या कडेनं ओढली आणि प्रश्न मिटला. नवीन टीव्ही घेणाऱ्याला माझा पहिला सल्ला हाच, वायर ओढा. आणि डेटाला मर्यादा असेल तर जपून, फोर-केला तासाला सात जीबीच्या आसपास जातात.

आता धंद्यातली गोष्ट, जी मी शोरूममध्ये विसरलो. चौकातला बोर्ड आम्ही मासिकासारखा ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांनी, छापत नाही, कारण तो लांबून बघायचा असतो. माझा पडदा चार फूट रुंद (५५ इंच हे तिरकं माप), त्यात ३८४० ठिपके, म्हणजे इंचाला ८०. चांगल्या नजरेला हे ठिपके वेगळे दिसायचे तर साडेतीन फुटांवर बसायला हवं. फुल एचडीचे, म्हणजे आडवे १९२०, इंचाला ४०, सात फुटांपर्यंत कळतात. माझा सोफा नऊ फुटांवर. म्हणजे नुसत्या ठिपक्यांचा विचार केला तर मला फुल एचडीच पुरलं असतं. नऊ फुटांवरून फोर-के पुरेपूर भोगायचं तर पडदा दहा फूट रुंद पाहिजे, आणि आमची हॉलची भिंतच दहा फुटांची आहे.

एट-के तर त्याच्याही पुढं. ७६८० बाय ४३२०, तीन कोटी बत्तीस लाख ठिपके. ५५ इंचीत ते दिसायला नाक पडद्याला लावावं लागेल. जपानच्या एनएचकेनं यावर १९९५ पासून काम केलं आणि १ डिसेंबर २०१८ ला एट-के चॅनल सुरू केलं. त्यांच्या चिकाटीला सलाम. पण युरोपानं मार्च २०२३ पासून वीज वापराच्या मर्यादेचे नियम एट-केलाही लावले, आणि असले टीव्ही मुळातच वीज जास्त खातात. माझ्या हॉलमध्ये एट-के येईल तो फक्त स्टिकरवर.

पैसे वाया गेले का? नाही, आणि त्याचं कारण रंग आहे. जुन्या पद्धतीत प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, दहा बिटांच्या एचडीआरमध्ये (उजेड-अंधार आणि रंग जास्त खुलवणारी नवी पद्धत) १०२४. गुणाकार केला तर पावणेदोन कोटींच्या जागी १०७ कोटी. संध्याकाळच्या आभाळात पूर्वी पट्टे पडायचे, ते गेले. पण खोक्यावर एचडीआर लिहिलं म्हणजे झालं असं नाही. या किमतीच्या पॅनेलला तेवढा उजेडच नसतो. दुपारी खिडकी उघडी असली की अंधारातल्या प्रसंगात मला माझंच तोंड दिसतं. पडदे लावले. बायको म्हणाली, टीव्हीपेक्षा पडदेच लई महाग पडले.

बाकी तक्रारी भरभर. आवाज डब्यातून आल्यासारखा. सहा महिन्यांनी एक अपडेट आलं, तेव्हापासून अ‍ॅप उघडेपर्यंत चहा होतो. चित्र गुळगुळीत करायचं सेटिंग आधी बंद करा, नाहीतर सिनेमासुद्धा मालिकेसारखा दिसतो. आणि मॅच अ‍ॅपवर बघू नका. शेजारी केबल आहे. तिकडं विकेट पडल्याचा ओरडा होतो तेव्हा माझा बॉलर रनअपच्या टोकाला चेंडू पुसत असतो. सगळ्यात स्वच्छ चित्र, सगळ्यात शिळी बातमी. मॅचला मी परत एचडी केबलवर आलोय.

अस्सल फोर-के आमच्या घरात आलं ते मोबाईलमधून. दिवाळीत रंकाळ्यावर काढलेला व्हिडिओ टीव्हीवर लावला. आई उठून पडद्याजवळ गेली, स्वतःच्या हाताकडं बघत राहिली. ‘एवढ्या सुरकुत्या कधी पडल्या रे?’ पोरगी म्हणाली, ‘आज्जी, मी तर रोज बघतो.’

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून आई चौरंग ओढून पडद्यापासून चार फुटांवर बसते. फोर-केसाठी जवळजवळ बरोब्बर अंतर. तिथं बसून ती आतल्या खोलीतल्या साध्या केबलचा जुना बॉक्स जोडायला लावते, कारण एचडी पॅकमध्ये तिची एक मालिका येत नाही. फाटलंय चित्र, म्हटलं तर म्हणते, ‘मला दिसतंय की. तू सरक बाजूला.’