लिनक्सवर पेनड्राइव्ह आणि बाहेरच्या डिस्क: आठ महिने वापरल्यानंतर

आठ महिन्यांपूर्वी घरचा डेस्कटॉप पूर्णपणे लिनक्सवर आणला. इंटरनेट, प्रिंटर, मराठी टायपिंग हे सगळं पहिल्या आठवड्यातच मार्गी लागलं. खरा वेळ गेला तो यूएसबीला लावायच्या डिस्कपायी. माझ्याकडे तीन पेनड्राइव्ह, २ टीबीची एक पोर्टेबल हार्ड डिस्क, एक कार्ड रीडर आणि जुन्या लॅपटॉपमधून काढलेली डिस्क बसवलेली एक केस आहे. यातल्या प्रत्येकाने या काळात एकदा तरी अडवलं, आणि प्रत्येक वेळी कारण वेगळं निघालं.

माझं मत आधीच सांगतो. बाहेरच्या डिस्कसाठी लिनक्स डेस्कटॉप भरवशाचा आहे आणि मी तोच वापरत राहणार आहे. पण काही बिघडलं की फाइल मॅनेजर जो निरोप दाखवतो तो फार अपुरा असतो. 'माउंट करता आलं नाही' (म्हणजे डिस्क वापरासाठी जोडता आली नाही) एवढ्यावर काहीच कळत नाही. खरं कारण बहुतेक वेळा कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लॉगमध्ये, म्हणजे नोंदींमध्ये, सरळ लिहिलेलं असतं. तिथे बघायची सवय नव्हती तेव्हा मी एक चांगला पेनड्राइव्ह विनाकारण फॉरमॅट केला. त्यात महत्त्वाचं काही नव्हतं, तरी ते आजही खटकतं.

सुरुवात झाली २ टीबीच्या डिस्कपासून. ती एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइल मांडायच्या पद्धतीत) आहे, कारण कामाच्या विंडोज लॅपटॉपलाही तीच लागते. एका संध्याकाळी ती लिनक्सला लावली तर उघडेना. निरोप होता 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक'. हे वाचून कुणालाही वाटेल की डिस्क गेली. लॉगमध्ये मात्र एकच ओळ होती: व्हॉल्यूम डर्टी आहे आणि फोर्स दिलेलं नाही. म्हणजे विंडोजने ती नीट बंद केली नव्हती, एवढंच. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. तीत शट डाउन केलं तरी सिस्टिमचा एक भाग हायबरनेट होतो, म्हणजे पूर्ण बंद न होता डिस्कवर साठवून ठेवला जातो. अशा वेळी डिस्क लावलेलीच राहिली आणि नंतर तशीच उपसली, तर तिच्यावरची अर्धवट कामाची खूण पुसली जात नाही. कर्नल ५.१५ पासून, म्हणजे २०२१ पासून, लिनक्सच्या कर्नलमध्येच एनटीएफएस३ हा ड्रायव्हर आहे, आणि तो अशी खूण दिसली की डिस्क उघडायला नकार देतो. मला हे वागणं योग्य वाटतं. फोर्स देऊन उघडता येते, पण मी ते केलं नाही. डिस्क परत लॅपटॉपला लावली, चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवलं, फास्ट स्टार्टअप बंद केलं आणि तिथूनही रीतसर इजेक्ट करून काढायला लागलो. त्यानंतर ही तक्रार एकदाही आलेली नाही. एनटीएफएसफिक्स नावाचं साधन लिनक्सवर आहे आणि ते ही खूण पुसूनही देतं, पण ते पुरती दुरुस्ती करत नाही. जवळ विंडोज असेल तर चेकडिस्कच बरं.

या प्रसंगानंतर एक क्रम ठरवला. डिस्क लावायच्या आधी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडायचं, डीमेसेज ही कर्नलचा लॉग दाखवणारी कमांड डॅश डब्ल्यू जोडून चालू ठेवायची (बऱ्याच ठिकाणी पुढे सुडो, म्हणजे प्रशासकाचा अधिकार, लागतं) आणि मग डिस्क लावायची. ओळी डोळ्यांदेखत उमटतात. पहिल्यांदा यूएसबी डिव्हाइस सापडल्याची ओळ, मग डिस्कचा आकार, मग एसडीबी हे डिस्कचं नाव आणि त्याखालचं एसडीबी१ हे पार्टिशन (डिस्कचा एक भाग). ओळी कुठे थांबतात त्यावरून दोष कुठे आहे ते ठरतं. पहिलीच ओळ आली नाही तर केबल, पोर्ट किंवा डिस्क स्वतः. डिस्क दिसली पण पार्टिशन नाही, तर पार्टिशन टेबल. दोन्ही दिसले आणि उघडत नाही, तर फाइल सिस्टिम किंवा परवानगी. नंतर एलएसबीएलके डॅश एफ चालवलं की फाइल सिस्टिम कोणती, यूयूआयडी (तिचा न बदलणारा ओळख क्रमांक) काय आणि कुठे माउंट झालीय, हे एका नजरेत कळतं.

या लॉगमुळे एक गोष्ट अशी सापडली जी मी कधीच शोधली नसती. त्याच २ टीबीच्या डिस्कवर कॉपी फार हळू व्हायची, सेकंदाला ३५ एमबीच्या आसपास. डिस्क जुनी झाली असं मी धरून चाललो होतो. पण लॉगच्या ओळीत 'सुपरस्पीड' असायला हवं होतं तिथे 'हाय-स्पीड' लिहिलं होतं. हाय-स्पीड म्हणजे यूएसबी २, ४८० मेगाबिट. सुपरस्पीड म्हणजे ५ गिगाबिट. डिस्क ठीक, पोर्ट ठीक, केबलमधल्या जादा तारांपैकी एखादी तुटलेली असावी. केबल बदलली आणि वेग तिपटीच्या वर गेला. लॉगमध्ये उणे ७१ किंवा उणे ११० असे एरर क्रमांक दिसले तरी मी आता आधी केबल आणि पोर्ट बदलून बघतो. पहिला क्रमांक संवाद बिघडल्याचा, दुसरा उत्तर वेळेत न आल्याचा. पोर्टेबल डिस्क सुरू होताना टिक टिक करून बंद पडत असेल तर वीज कमी पडतेय का तेही बघावं. यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलीअँपिअर देतो, यूएसबी ३ चा ९००. वीज न पुरवणाऱ्या हबवर फिरती डिस्क लावणं मी बंद केलं आहे.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त हादरवलं ती. आईच्या आवाजातली काही रेकॉर्डिंग्ज आहेत, तिच्या लहानपणच्या आठवणी तिने बसून सांगितलेल्या. त्या बहिणीला द्यायला एक्सफॅट (विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे चालणारी फाइल सिस्टिम) केलेल्या पेनड्राइव्हवर कॉपी केल्या. कॉपीची पट्टी झरझर शेवटाला पोहोचली, खिडकी बंद झाली. मी पेनड्राइव्ह काढला. बहिणीकडे लावला तर फोल्डर होतं, फाइलची नावंही होती, आणि निम्म्याहून जास्त फाइल शून्य बाइटच्या. मूळ रेकॉर्डिंग्ज माझ्या फोनमध्ये होत्या म्हणून निभावलं. मी 'कॉपी' ऐवजी 'मूव्ह' केलं असतं तर आईचा तो आवाज परत मिळाला नसता.

हे का होतं ते समजून घेण्यासारखं आहे. लिनक्स फाइल लिहिताना ती आधी मेमरीत घेतो आणि डिस्कवर नंतर सावकाश उतरवतो. किती डेटा असा मेमरीत थांबू शकतो याची मर्यादा साधारणपणे उपलब्ध मेमरीच्या २० टक्के असते. १६ जीबी रॅमच्या संगणकावर हा आकडा ३ जीबीच्या घरात जाऊ शकतो. पेनड्राइव्ह सेकंदाला १० एमबीने लिहिणारा असेल तर ३ जीबी उतरायला पाच मिनिटं लागतात, आणि ती पाच मिनिटं पट्टी मात्र 'झालं' म्हणत असते. हे बघायचं असेल तर प्रॉक खालची मेमइन्फो फाइल बघा. तीत 'डर्टी' (अजून डिस्कवर उतरायचा डेटा) आणि 'राइटबॅक' (आत्ता उतरत असलेला) अशा दोन ओळी असतात. कॉपी झाल्यावर वॉच (तेच पुन्हा पुन्हा दाखवणारी कमांड) लावून त्या बघत बसलो तर डर्टीचा आकडा लाखांतून हळूहळू खाली येताना दिसला. तो खाली येईपर्यंत पेनड्राइव्हचा दिवाही लुकलुकत होता.

उपाय दोन. पहिला, इजेक्टचं बटण दाबून 'आता काढू शकता' हा निरोप येईपर्यंत हात न लावणं. टर्मिनलमध्ये असाल तर सिंक ही मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवणारी कमांड चालवा. ते परत येईपर्यंत लेखन चालू आहे असं समजा. दुसरा उपाय मी कायमचा केला. सिसकंट्रोलच्या (कर्नलच्या) सेटिंगमध्ये व्हीएम डर्टी बाइट्स, म्हणजे मेमरीत थांबणाऱ्या डेटाची ती मर्यादा, सुमारे ४८ एमबी आणि व्हीएम डर्टी बॅकग्राउंड बाइट्स (एवढा डेटा साठला की मागे लेखन सुरू होतं) १६ एमबी ठेवले. आता कॉपीची पट्टी सावकाश सरकते, पण पेनड्राइव्हच्या खऱ्या वेगानेच सरकते, आणि शेवटी इजेक्ट लगेच होतं. ही मर्यादा आतल्या डिस्कलाही लागू होते. माझ्या घरगुती वापरात त्याचा काही फरक जाणवला नाही, पण मोठमोठ्या फाइलवर दिवसभर काम करणाऱ्याने आधी थोडे दिवस वापरून बघावं.

इजेक्ट करताना 'टार्गेट इज बिझी' येणं हेही नेहमीचंच. दहापैकी नऊ वेळा माझंच एखादं टर्मिनल त्या फोल्डरात उभं असतं. नाहीतर म्युझिक प्लेयर किंवा फाइलचं इंडेक्सिंग करणारी सेवा. फ्यूजर डॅश व्हीएम आणि पुढे माउंट झालेल्या जागेचा पत्ता दिला की कोण अडवतंय ते नावानिशी कळतं. यूमाउंट या डिस्क सोडवणाऱ्या कमांडला डॅश एल देऊन सुटका करून घेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मी पाळत नाही. त्याने डिस्क फक्त नजरेआड होते, मागे लेखन चालूच असू शकतं.

जुन्या लॅपटॉपची डिस्क घातलेल्या केसने मात्र तीन आठवडे घेतले. छोट्या फाइल व्यवस्थित, पण मोठी कॉपी सुरू केली की काही मिनिटांत डिस्क गायब आणि पुन्हा नव्या नावाने हजर. आधी एसडीबी, मग एसडीसी. मला वाटलं डिस्कच मरतेय. स्मार्टसीटीएल या डिस्कचं आरोग्य बघणाऱ्या साधनाने तपासलं (अशा केसमधल्या डिस्कसाठी बऱ्याचदा डॅश डी सॅट द्यावं लागतं) तर बदली दिलेले सेक्टर (खराब झाल्याने बदललेले डिस्कचे तुकडे) शून्य, डिस्क निरोगी. मग लॉग पुन्हा नीट वाचला. प्रत्येक वेळी गायब होण्याच्या आधी यूएएसच्या अबॉर्ट हँडलरची ओळ होती. यूएएस म्हणजे यूएसबी ३ च्या काळातला जलद प्रोटोकॉल, आणि काही केसमधल्या चिपना तो नीट पेलत नाही. लिनक्समध्ये त्या एकाच उपकरणासाठी यूएएस बंद करता येतो. एलएसयूएसबीने उपकरणाचे दोन क्रमांक मिळतात, ते आणि शेवटी यू हे अक्षर, असं कर्नलच्या बूट ओळीत यूएसबी-स्टोरेज क्वर्क्स म्हणून द्यायचं. रीस्टार्ट केल्यावर वेग किंचित कमी झाला, पण डिस्क गायब व्हायची थांबली. या गोष्टीला आता साडेचार महिने झाले. एक काळजी घ्या, ही दुरुस्ती करण्याआधी त्या डिस्कवर दुसरीकडे कुठेच नसलेला डेटा ठेवू नका.

बूट अडकण्याचा प्रसंगही सांगून टाकतो. बॅकअपची डिस्क आपोआप माउंट व्हावी म्हणून एफएसटॅबमध्ये (सुरू होताना जोडायच्या डिस्कच्या यादीत) ओळ घातली होती. एके दिवशी डिस्क न लावता संगणक सुरू केला तर ९० सेकंद वाट बघून थेट इमर्जन्सी मोड. काढता येणाऱ्या डिस्कच्या ओळीत नोफेल (डिस्क नसली तरी न अडता पुढे जा) हा पर्याय हवाच, आणि एसडीबी१ असं नाव न देता यूयूआयडी द्यायचा, कारण नाव दर वेळी बदलू शकतं.

परवानगीची अडचण ईएक्सटी४सारखी लिनक्सची फाइल सिस्टिम केलेल्या पेनड्राइव्हवर येते. त्यावर मालकाचा क्रमांक लिहिलेला असतो, आणि दुसऱ्या संगणकावर तुमचा क्रमांक वेगळा असेल तर वाचता येतं पण लिहिता येत नाही. इकडे तिकडे फिरणाऱ्या पेनड्राइव्हला एक्सफॅट सोयीचं. कर्नल ५.४ पासून त्याचा आधार आहे आणि ५.७ मध्ये त्याहून चांगला ड्रायव्हर आला. एफएटी३२ वर एक फाइल ४ जीबीहून मोठी मावत नाही, मग जागा कितीही रिकामी असो.

कर्नल अपडेट झाल्यावर रीस्टार्ट न करता पेनड्राइव्ह लावला आणि तो दिसलाच नाही, असंही एकदा झालं. चालू कर्नलचे मॉड्यूल (ड्रायव्हरच्या फाइल) अपडेटमध्ये काढले गेले होते. रीस्टार्ट केलं, दिसला.

एक पेनड्राइव्ह मात्र खरंच गेला. लॉगमध्ये 'राइट प्रोटेक्ट ऑन' यायला लागलं आणि कोणत्याही संगणकावर त्यावर लिहिता येईना. फ्लॅश मेमरी थकली की काही कंट्रोलर असं स्वतःहून लेखन बंद करतात. वाचता येत होतं तोवर सगळं काढून घेतलं. वाचनातही एरर येत असते तर साधी कॉपी न करता डीडीरेस्क्यू वापरलं असतं. ते आधी सहज निघणारा भाग घेतं, बिघडलेल्या भागाकडे नंतर वळतं, आणि कुठवर आलंय ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं. नवीन आणलेला पेनड्राइव्ह मी आता एफ३ या साधनाने पूर्ण भरून आणि परत वाचून तपासतो, मगच वापरात घेतो. लेबलवर लिहिलेली जागा आत खरोखर आहे का ते त्यातून कळतं.

अजून न सुटलेली गोष्ट एकच. डिस्क लावलेली असताना संगणक सस्पेंड केला तर जाग आल्यावर ती कधीकधी नव्या नावाने येते आणि जुन्या माउंटवर आय/ओ (वाचन-लेखनाचे) एरर दिसत राहतात. अजून पक्का उपाय सापडलेला नाही, म्हणून सस्पेंड करण्याआधी डिस्क काढून ठेवतो. बहिणीला मी तो पेनड्राइव्ह पुन्हा भरून दिला. या वेळी सिंक संपेपर्यंत थांबलो आणि देण्याआधी प्रत्येक फाइलचं चेकसम (तिच्यातल्या डेटावरून काढलेला पडताळणीचा आकडा) मूळ फाइलशी जुळवून घेतलं. सगळी जुळली.