वीस माणसं, एक फ्रिज : कॉकटेल करावं, स्लश करावा की पॉट फिरवावा?

आमच्याकडं कोल्हापुरात कॉकटेल पीत नाहीत, खातात. पुण्याहून आलेल्या नव्या जावयाला सासऱ्यांनी जेवणानंतर "चला, कॉकटेल खाऊन येऊ" म्हटलं की तो आधी बायकोच्या तोंडाकडं बघतो. मग सोळंकींच्या दुकानातला उंच ग्लास, लांब दांड्याचा चमचा, जेली, फळं, आइस्क्रीमचे गोळे आणि वर काजू-चेरी बघून त्याचा जीव भांड्यात पडतो. कोल्हापूरकराला त्यात दारू आठवतच नाही.

तरी दरवर्षी मे महिन्याच्या सुट्टीत, विशेषतः अक्षय तृतीयेच्या आसपास, मला हाच फोन येतो. यंदा जावेचा आला. "अगं, पुण्या-मुंबईची सगळी पोरं येणारेत, मोठी धरून वीस जण. आंब्याचा नैवेद्य झाला की संध्याकाळी काहीतरी गार करायचंय. कॉकटेल करू, ते फळांचं गोठवलेलं सरबत करू, की माळ्यावरचा आइस्क्रीमचा पॉट काढू?" फोनवर अर्धा तास बोलूनही तिचं ठरेना, म्हणून हे सविस्तर लिहायला घेतलं.

एक आधीच सांगते. चवीवरून ठरवायला गेलात तर ठरणार नाही, कारण तिन्ही चांगलेच लागतात. माणसं किती, ती एकदम बसणार की येतील तशी खाणार आणि शेवटच्या दहा मिनिटांत तुमच्या हाताशी कोण असेल, एवढं बघा.

ग्लासातलं कॉकटेल

यातली खरी सोय अशी, की आइस्क्रीम सोडून काहीच गोठवायचं नसतं. कस्टर्ड, जेली, फळं सगळं सकाळीच करून फ्रिजच्या खालच्या भागात ठेवता येतं. संध्याकाळी फक्त थर लावायचे. वीस माणसांना एकदारी फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या सोयीची किंमत कळेल.

साधारण ३०० मिलीच्या वीस ग्लासांना माझा हिशेब असा. दीड लिटर दुधाचं कस्टर्ड, जेलीची दोन पाकिटं, चिरलेली फळं सव्वा किलो आणि आइस्क्रीमचे ७०० मिलीचे चार डबे, म्हणजे प्रत्येकी दोन गोळे. कस्टर्ड पातळच हवं, ओतता येईल असं. लिटरला तीन मोठे चमचे पावडर भरपूर झाली, कारण गार झाल्यावर ते आणखी आळतं. दूध म्हशीचं असेल तर काम निम्मं सोपं. गंगावेशच्या दूध कट्ट्यावर समोर काढून दिलेलं धारोष्ण दूध पिणारी माणसं आपण, ते घरी आणून नीट उकळून आटवलं तर पावडर आणखी कमी लागते.

आता फळं. सगळी चूक इथंच होते. अननस कच्चा चिरून दुधात घातला की तासाभरात कस्टर्ड कडवट लागतं. अननसातलं ब्रोमेलेन हे पाचक द्रव्य दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून असं होतं. त्याच कारणानं जिलेटिनच्या जेलीत कच्चा अननस, किवी किंवा पपई घातली तर जेली धरतच नाही. उपाय सोपा आहे. फोडी थोड्या साखरेत पाच मिनिटं उकळायच्या, गार करायच्या आणि मग घालायच्या. डब्यातला अननस आधीच शिजलेला असतो, तो तसाच चालतो. संत्रं-मोसंबी दुधाच्या थरात घालूच नका, दूध फाटतं. केळं अगदी आयत्या वेळी चिरा. हापूस मात्र हवा तेवढा घाला. या दिवसांत कोकणातून घाट चढून आलेला माल लक्ष्मीपुरीत आणि कपिलतीर्थ मार्केटात मिळतो, फक्त देवगडच्या नावानं कर्नाटकी आंबा पेटीत येत नाही ना एवढं नाकानं तपासा. स्ट्रॉबेरीच्या मागं मे महिन्यात लागू नका, तिचा हंगाम संपलेला असतो. रंगासाठी डाळिंबाचे दाणे आहेत. काजू चंदगड-आजऱ्याचे घेतलेत तर वर टाकलेला प्रत्येक तुकडा वसूल.

जेलीच्या बाबतीत माझं मत ठाम आहे : पाकिटापेक्षा चायना ग्रास बरा. जिलेटिनची जेली मे महिन्याच्या उकाड्यात टेबलावर ढिली पडते, आणि पाहुण्यांत कोणी शाकाहारी असलं की पाकीट उलटून बघत बसावं लागतं. चायना ग्रास म्हणजे समुद्री शेवाळ. एकदा धरला की ८५ अंशांच्या आसपास तापवल्याशिवाय पुन्हा वितळत नाही. कोकमाच्या सरबतात उकळून ताटलीत ओतला, की लाल चौकोनी वड्या तयार. रंगाची बाटलीही लागत नाही.

वाईट बाजू दोन. एक, खर्च. आइस्क्रीम आणि काजू धरून आमच्या घरी हे स्लशच्या दुपटीच्या वर गेलं. दोन, ग्लास भरायला हात लागतात. वीस ग्लास एकटीनं भरायला घेतले तर शेवटचा भरेपर्यंत पहिल्यातला गोळा पोहायला लागतो. तिघींनी रांगेत उभं राहायचं : एकीनं जेली आणि फळं, दुसरीनं कस्टर्ड, तिसरीनं गोळे. मग सात-आठ मिनिटांत होतं.

फळांचा स्लश

पोरांची मागणी हीच असते. मोबाइलवर बघितलेला तीन रंगांचा, बर्फाळ, स्ट्रॉ घातलेला. दिसतो झकास आणि करायलाही सोपा आहे, पण तो घड्याळाचा गुलाम आहे.

फळाच्या फोडी रात्रभर गोठवायच्या आणि आयत्या वेळी मिक्सरला फिरवायच्या, एवढीच कृती. गंमत साखरेत आहे. कलिंगडात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं, साखर सहा-सात टक्केच. नुसतं गोठवून फिरवलं तर तोंडात बर्फाचा चुरा येतो आणि चव कुठंतरी मागं राहते. विरघळलेली साखर पाण्याला पूर्ण गोठू देत नाही, म्हणून स्लश चमच्याला मऊ लागतो. फळाची आणि वरची मिळून साखर १५ टक्क्यांच्या जवळपास आणायची. बिया काढलेल्या एक किलो कलिंगडाला १०० ग्रॅम साखर, दोन लिंबं आणि चिमूटभर काळं मीठ. हापूसमध्ये स्वतःचीच साखर १४ टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळं किलोभर रसाला पाव लिटर पाणी आणि ५० ग्रॅम साखर बास. गोठवण्याआधी चाखाल तेव्हा थोडं जास्त गोड वाटलं पाहिजे, कारण गारठ्यात जिभेला गोडी कमी कळते.

यातूनच एक अडचण निघते. घरात मधुमेहाचं माणूस असेल आणि तुम्ही साखर कापली, तर स्लश राहत नाही, दगड होतो. त्यांच्यासाठी ताकाचा मठ्ठा वेगळा करा, स्लशशी झटापट करू नका.

तीन थर करायचे असतील तर बाहेरच्या रंगीत सिरपच्या बाटल्या कशाला? खाली कलिंगड-कोकम, मध्ये नारळाचं दूध आणि शहाळ्याची मलाई, वर कैरीचं पन्हं. लाल, पांढरा, हिरवट पिवळा. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्हं करतोच, त्यातलं थोडं जास्त करून गोठवायचं. जास्त गोड थर जड असतो, तो खाली घ्या, म्हणजे वरचा थर त्यावर उभा राहतो. प्रत्येक थरानंतर ग्लास अर्धा-पाऊण तास बर्फाच्या कप्प्यात. आणि खालचे दोन थर एकमेकांत मिसळलेच, तर गोड सोलकढी होते, बिघडत काहीच नाही.

पण हे लाड सहा-आठ जणांपर्यंत. घरच्या मिक्सरचं भांडं एका वेळी तीन-चार ग्लासांचं. गोठलेल्या फोडी पाच मिनिटं बाहेर ठेवून, तळाला अर्धी वाटी सरबत घालून, थांबत थांबत फिरवावं लागतं. सलग फिरवलं तर मोटर तापते आणि वितळायला तिथंच सुरुवात होते. वीस जणांना पाच-सहा घाणे. पहिला घाणा पिणाऱ्यांचं संपतं तेव्हा शेवटचे अजून "आमचं कुठाय?" विचारत असतात.

आणि वळीव. दोन वर्षांपूर्वी मी हट्टानं बावीस जणांचा स्लश मांडला होता. शेजारच्या दोन घरांचे बर्फाचे कप्पे उसने घेतले होते. साडेपाचला आभाळ भरून आलं, धूळ उडाली, लाइट गेली. मिक्सर बंद, फ्रिज बंद. सव्वासातला लाइट आली तेव्हा माझ्याकडं तीन पातेली उत्तम कलिंगडाचं सरबत होतं. सगळ्यांनी आवडीनं प्यायलं, माझी नणंद मात्र अजून त्याला 'स्लश' म्हणताना दोन बोटं हवेत हलवते. मे महिन्यात संध्याकाळी वळवाचा भरवसा नाही. ग्लासातल्या कॉकटेलला तसल्या वेळी आइस्क्रीम थर्मोकोलच्या डब्यात ठेवलं की झालं.

स्लशच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे, ती आमच्या आत्यामुळं कळली. फळ आणि दूध एकत्र म्हणजे विरुद्ध आहार, असं मानणारी पिढी घरात असतेच. कॉकटेलला ती हात लावत नाही, पिकल्या गोड आंब्यापुरती सूट देते. कैरी-कोकमाचा स्लश मात्र आत्या दोनदा मागून घेते.

बाहेरून बर्फाची लादी आणून पेयात फोडून घालायचा विचार असेल तर थांबा. महाराष्ट्रात २०१८ पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर करायचा नियम आहे, पण पांढरा दिसला म्हणून तो पिण्याच्या पाण्याचाच असेल असं धरून चालू नका. लादी बाटल्या गार करायला वापरा. ग्लासात घरचाच बर्फ.

पॉट

माळ्यावरचा लाकडी पॉट काढायचा की नाही हा प्रश्न खरं तर खाण्याचा नाही, अंगणाचा आहे. सहा किलो बर्फाला दोन किलो जाडं मीठ, मध्ये आटवलेलं दूध आणि आंब्याचा रस भरलेलं भांडं, आणि पाऊण तास आळीपाळीनं दांडा फिरवणारी माणसं. मिठामुळं बर्फ शून्याच्या बराच खाली, उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतो. म्हणून लाइट नसली तरी आइस्क्रीम होतं. इथं बर्फ पोटात जात नाही, तेव्हा लादी चालते. फक्त झाकण काढण्याआधी वरचं मीठपाणी पुसा, नाहीतर सगळं खारट.

फळांचे तुकडे घालायचे तर साखरेत तासभर मुरवून, आणि शेवटच्या पाच मिनिटांत. कोरडे घातले तर गोठून खडे होतात, आजोबांच्या कवळीला ते सोसत नाहीत. तीन लिटरचा पॉट वीस जणांना वाटी-वाटीच पुरतो. पण दांडा फिरवायच्या नंबरावरून होणारी पोरांची भांडणं, "आता माझी पाळी" वगैरे, त्यासाठीच पॉट काढायचा असतो. घरात दहा ते पंधरा वयाची चार तरी पोरं नसतील तर काढू नका, सगळा भार एका भाऊजींच्या खांद्यावर येतो.

कॉकटेल तयार आणायचा पर्याय उरतो. पार्सल चांगलंच असतं, पण भर उन्हाळ्यात घरी पोचेपर्यंत थर मोडतात. त्यापेक्षा सगळ्यांना घेऊन रात्री दुकानातच जा, येताना रंकाळ्यावर चक्कर होते.

आणि ज्यांच्या मनात दुसऱ्या अर्थाचं कॉकटेल असेल त्यांच्यासाठी दोनच ओळी. घरच्या फ्रिजच्या उणे १८ अंशांत कडक दारू गोठत नाही, त्यामुळं ती जास्त पडली की स्लश धरत नाही. शिवाय महाराष्ट्रात कडक दारूसाठी वय २५ पूर्ण लागतं आणि परवाना लागतो. आणि दारूचा जग पोरांच्या सरबताच्या जगशेजारी ठेवू नका.

जावेला मी काय सांगितलं? वीस जण, एक फ्रिज, वळवाचे दिवस : कॉकटेल कर. ग्लास भरायला मी आणि धाकटी येतो. स्लश करायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारी, फक्त पोरांपुरता. तिनं अर्थातच दोन्ही करायचं ठरवलंय.

म्हणून उरलेल्याचं तेवढं लक्षात ठेव म्हटलं. कॉकटेलचा भरलेला ग्लास उरला तर त्याच रात्री कोणीतरी संपवायचा. वितळलेलं आइस्क्रीम पुन्हा गोठवलं की खरखरीत होतं, आणि उकाड्यात बाहेर राहिलेल्या दुधाचा भरवसा नाही. स्लश उरला तर कुल्फीच्या साच्यात ओत आणि काड्या खोच. सकाळी अंघोळीआधीच पोरं फ्रिजचं दार उघडून उभी असतील.