काळ्या कोटिंगखालचा गंज: पुरात बुडालेल्या गाडीचा वर्षभराचा अनुभव

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा बडोद्याच्या समा भागातल्या आमच्या सोसायटीत गाडी सीटपर्यंत बुडाली. (नदीतली मगर आली नव्हती. बडोद्याबाहेरचा प्रत्येक नातेवाईक आधी तेच विचारतो.) इंजिन, वायरिंगचं काम विम्यातून झालं. गंजाची धास्ती राहिली, म्हणून दिवाळीआधी साडेचार हजारांत खालून काळं रबरी कोटिंग मारून घेतलं. "साहेब, हवे दस वरस जोवानुं ज नहीं!" (आता दहा वर्षं बघायचंच नाही) असं म्हणणाऱ्या कोटिंगवाल्याने सकाळी घेतलेली गाडी दुपारी परत दिली. तिथेच खटकायला हवं होतं. धुतलेली गाडी खालून एवढ्यात वाळते कुठे?

पहिले सहा महिने मी खूष होतो. खडी उडून पत्र्यावर आपटायचा आवाज खरंच कमी झाला. मे महिन्यात पंक्चर झालं, जॅक लावायला वाकलो, तर दाराखालच्या पट्टीवर कोटिंगला फुगा आलेला. स्क्रू ड्रायव्हरने टोचला तर हातभर पापुद्रा सुटला आणि आत ओला तांबडा भुगा. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे तो कोटिंगला आतून उचलत जातो आणि वरून सगळं काळं कुळकुळीत दिसत राहतं. पत्र्याच्या शिवणींत पुराचा गाळ तसाच होता, त्यावरच फवारा मारलेला. कहर म्हणजे दारांच्या तळाची पाणी निघायची भोकंही बुजवलेली! ब्रेक दाबला की दारात खळखळ व्हायची, ती मी इतके दिवस डिकीतल्या पाण्याच्या बाटलीच्या माथी मारत होतो.

जूनच्या तोंडावर ओळखीच्या डेंटिंगवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी गाडी तीन दिवस अडकवली. सुटलेलं कोटिंग खरवडलं, तारेच्या ब्रशने घासलं, मग रस्ट कन्व्हर्टर लावला. त्यातलं टॅनिक आम्ल गंजाशी मिळून काळा थर धरतं. आवळा लोखंडी कढईत काळा पडतो ना, तसंच. त्यावर झिंक प्रायमर, आणि पट्ट्यांच्या, दारांच्या पोकळीत लांब नळीने मेणाचा फवारा. सायलेन्सर आणि ब्रेकच्या डिस्क त्यांनी आधी कागदाने झाकल्या. पहिल्या कोटिंगवाल्याने तेही केलं नव्हतं, आठवडाभर जळका वास येत होता.

मेणाचे त्रास आहेत. उन्हात वितळून पार्किंगच्या फरशीवर ठिपके पडले, त्यावरून घरात बोलणी खाल्ली. धूळ चिकटते, आणि चाकांमागे ते धुऊन जातं, म्हणजे दरवर्षी पुन्हा मारावं लागणार. पण ते घट्ट वाळत नाही, सांध्यांत झिरपतं, आणि तडा जाऊन खाली पाणी कोंडत नाही.

पावसाळा गेला. दिवाळीत कोकणात जाऊन आलो, परतल्यावर खाऱ्या हवेचा लेप खालून साध्या पाण्याने धुतला. पट्ट्या ठणठणीत आहेत. स्टेपनीच्या खळग्यात मात्र नाण्याएवढा डाग पुन्हा आलाय, तिथे डिकीचं रबर गळतंय. रबर बदलल्याशिवाय त्यावर काहीही मारायला चाचा तयार नाहीत.