पैसे भरून थेट, की संध्याकाळी सारांश? ब्रिटनमधल्या एफ वनवेड्यांसाठी

गेल्या दोन महिन्यांत तिघांनी मला एकच प्रश्न विचारला. तिघेही पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी इकडे आलेले, तिघांनाही लहानपणापासून एफ वनचं, म्हणजे फॉर्म्युला वन मोटारशर्यतींचं वेड. "दादा, स्कायचं पॅकेज घेऊ, की चॅनेल फोरवर भागेल?" स्काय म्हणजे पैसे भरून थेट शर्यती, चॅनेल फोर म्हणजे फुकटात संध्याकाळचा सारांश. फोनवर दोन वाक्यांत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. दोन्हींचा अनुभव गाठीशी आहे. २०१९ ते २०२१ अशी तीन वर्षं मी पैसे भरून थेट शर्यती पाहिल्या. त्याआधी भरले नव्हते आणि त्यानंतरही भरलेले नाहीत.

किमतींचे आकडे देत नाही, ते हंगामागणिक बदलतात आणि तुम्ही ते बघालच. टीव्ही लायसन्स (टीव्ही बघायची वार्षिक फी, जिच्यावर बीबीसी चालते) दोन्हीकडे लागतंच, त्यामुळे तो खर्च बाजूला ठेवा.

आधी थोडं मागचं सांगतो, कारण इथले जुने चाहते या विषयावर अजून हळवे का होतात ते नव्याने आलेल्यांना कळत नाही. २९ जुलै २०११, हंगेरीच्या शर्यतीचा शुक्रवार. त्या दिवशी बातमी आली की पुढच्या वर्षापासून सगळ्या शर्यती थेट दिसतील त्या फक्त स्कायवर, बीबीसीकडे निम्म्याच राहतील. बीबीसीचा करार २०१३ पर्यंतचा होता. पण आदल्या वर्षी सरकारने लायसन्सची फी सहा वर्षांसाठी १४५.५० पौंडांवर गोठवली होती आणि बीबीसीला कुठे ना कुठे कात्री लावणं भाग होतं. ती एफ वनला लागली. लोक अक्षरशः पेटले. याचिका निघाल्या, तक्रारी गेल्या. मीही सही केली. पोटतिडकीने केली होती आणि आजही ती मागे घ्यावीशी वाटत नाही. लायसन्सचे पैसे भरून जे घरात येत होतं, त्याच्यासाठी परत वेगळे पैसे मोजायचे, हे पटण्यासारखं नव्हतंच. क्रिकेटचं तेच आधी झालेलं. २००५ ची ॲशेस अख्ख्या देशाने चॅनेल फोरवर पाहिली आणि पुढच्याच उन्हाळ्यापासून इंग्लंडचे घरचे कसोटी सामने स्कायवर गेले.

पुढे बीबीसीने २०१५ च्या हंगामानंतर उरलेलंही सोडलं. ते चॅनेल फोरने उचललं आणि २०१६ ते २०१८ दरवर्षी दहा शर्यती थेट दाखवल्या. २०१९ पासून मात्र थेट प्रक्षेपण स्कायकडे, आणि २०२२ मध्ये तो करार २०२९ पर्यंत वाढवला गेला. चॅनेल फोरकडे राहिला प्रत्येक शर्यतीचा सारांश, आणि थेट म्हणाल तर फक्त सिल्व्हरस्टोन, म्हणजे ब्रिटनची घरची शर्यत. जर्मनीत आरटीएलवरून गेलं, इटलीत राईवरून गेलं. एकट्या ब्रिटनचं हे दुखणं नाही. आपल्याकडेही २०२३ पासून नेहमीच्या टीव्हीवरून एफ वन गेलंच की.

आता मुद्द्यावर येतो.

पैसे भरलेत तर काय मिळतं? खरं सांगायचं तर भरपूर. सगळी सराव सत्रं, पात्रता फेरी, एफ टू, एफ थ्री या खालच्या पातळीच्या शर्यती, आणि शर्यत चालू असताना मध्ये एकही जाहिरात नाही. हे शेवटचं किती मोलाचं आहे ते २००५ ची इमोला आठवणाऱ्यांना विचारा. शेवटच्या फेऱ्या, शूमाकर अलोन्सोच्या मागे अगदी चिकटलेला, आणि तेव्हा शर्यती दाखवणारं आयटीव्ही जाहिरातींना गेलं! नंतर त्यांना माफी मागावी लागली. तेव्हा 'फुकट होतं तेव्हा सगळं गोड होतं' असं मी म्हणणार नाही.

आणि एक गोष्ट सारांशात कधीच मिळत नाही, ती म्हणजे वाट पाहणं. २०१९ ची हंगेरी घ्या. रेड बुलचा व्हर्स्टॅपन पुढे. हॅमिल्टनला मर्सिडीजने ४८ व्या फेरीला टायर बदलायला दुसऱ्यांदा पिटमध्ये घेतलं आणि तो जवळजवळ वीस सेकंद मागे पडला. मग तो एकेक सेकंद कापत आला. पोचतो की नाही, टायर टिकतात की नाही, काही कळेना. ६७ व्या फेरीला पहिल्या वळणावर त्याने गाठलं. मी त्या एकोणीस फेऱ्या सोफ्याच्या कडेवर बसून काढल्या, चहाचा कप हातातच गार झाला. सारांशात हा पाठलाग काही मिनिटांत उरकतो. ओव्हरटेक दिसतो, पण तो कशातून आला ते अंगावर येत नाही. तुम्ही जर टायर, अंतरं, पिटचे डावपेच यांत रमणारे असाल, मधल्या फळीतल्या दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या झुंजीत तुमचा जीव अडकत असेल, तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल. पैसे भरा, पश्चात्ताप होणार नाही.

चॅनेल फोरचा सारांश मात्र 'सारांश' या शब्दावरून वाटतो तसा त्रोटक नसतो. सुरुवात, अपघात, पिट, महत्त्वाच्या झुंजी, सगळं व्यवस्थित लावलेलं असतं. जाहिराती असतात. युरोपातली शर्यत इथल्या दुपारी दोनला सुरू होते आणि सारांश सहसा संध्याकाळी लागतो. सुझुकाची शर्यत पहाटे सहाची, ती तुम्ही झोप पूर्ण करून दुपारकडे बघता. ऑस्टिनसारखी रात्रीची असेल तर सारांश फार उशिरा येतो, मग दुसऱ्या दिवशी ॲपवर बघावा.

सारांशाबद्दल सगळे एकच भीती घालतात: निकाल आधीच कळतो. कळतो, पण सांभाळता येतं, असा माझा अनुभव आहे. कोल्हापूरला माझा धाकटा भाऊ मोबाईलवर थेट बघतो आणि शर्यत संपली की कुटुंबाच्या ग्रुपवर त्याचे फटाके फुटायला लागतात. त्याला एकदा नीट सांगितलं. आता तो माझा 'बघितलं' असा निरोप येईपर्यंत गप्प राहतो. त्याच्यासाठी ते अवघड आहे, पण पाळतो बिचारा. रविवारी दुपारी फोन टेबलाच्या खणात जातो आणि आम्ही बाहेर पडतो. वर्षातून दोन-तीनदा तरीही फुटतंच, कधी सुपरमार्केटच्या रांगेत कुणी बोलतं, कधी गाडीतल्या रेडिओवर बातम्या लागतात. माझा निर्णय यावरून झाला नाही.

तो झाला वेगळ्याच गोष्टीवरून, आणि ती सहसा कुणी बोलत नाही. पैसे भरले की प्रत्येक शर्यत बघणं हे कर्तव्य होऊन बसतं. निदान माझं तरी झालं. वीस-बावीस शर्यती, प्रत्येकीचे तीन दिवस. एखादी चुकली की डोक्यात हिशेब सुरू: महिन्याचे एवढे, शर्यती दोन, एक वाया गेली. आवडीची गोष्ट 'वसूल' करायची गोष्ट झाली. लेकीचा पोहण्याचा कार्यक्रम, मित्राकडचं जेवण, सगळं आधी एफ वनच्या वेळापत्रकाशी ताडून बघायचो. बीबीसीच्या काळातही मी शर्यती चुकवत नव्हतो, पण तेव्हा चुकली तर फक्त हळहळ वाटायची.

१२ सप्टेंबर २०२१. रविवार, आणि आमच्याकडे गौरींचं आवाहन. मिल्टन कीन्सच्या आमच्या छोट्या घरात बायकोने दारापासून देव्हाऱ्यापर्यंत रांगोळीची पावलं काढली होती. लेक, तेव्हा नऊ वर्षांची, चमच्याने ताट वाजवत होती. "गौर आली, कशाच्या पायांनी आली?" असं ती विचारत होती, आणि उत्तर द्यायला तिच्या आईशिवाय कुणी नव्हतं. कारण मी स्वयंपाकघरात होतो. ओट्याला टेकून, पुरणाच्या भांड्याशेजारी फोन उभा करून मॉन्झा बघत होतो. सव्विसावी फेरी. पिटमधून बाहेर आलेला हॅमिल्टन, बाजूला व्हर्स्टॅपन, आणि एका क्षणात रेड बुलचं मागचं चाक मर्सिडीजवर चढलं. हेलो, म्हणजे चालकाच्या डोक्याभोवतीचं संरक्षक कडं, नसता तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. मी मोठ्याने ओरडलो. बाहेरचं ताट थांबलं. लेक दारात येऊन उभी राहिली, हातात चमचा तसाच, आणि म्हणाली, "बाबा, गौर आत आली."

ती रागावली नव्हती. नुसतं सांगत होती. मला ते फार लागलं. ती शर्यत संध्याकाळी, जेवणं झाल्यावर, चॅनेल फोरवर तिला शेजारी बसवून बघता आली असती. रिकार्डो जिंकला, मॅक्लारेनचे दोघे पहिला-दुसरा आले. तिला नारंगी रंग आवडतो, ती नाचली असती.

त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी बाजूही दिसली. हंगामाच्या शेवटच्या शर्यतीला, अबू धाबीला, हॅमिल्टन आणि व्हर्स्टॅपन ३६९.५ गुणांवर बरोबरीत आले, आणि स्काय व चॅनेल फोरने मिळून ती शर्यत सगळ्यांसाठी थेट दाखवायचं ठरवलं. आमच्या शेजारी एक निवृत्त इंग्रज आजोबा राहतात. जुने टीव्ही समालोचक मरी वॉकर यांच्या आवाजावर वाढलेले. २०१८ नंतर त्यांनी सिल्व्हरस्टोन सोडून एकही शर्यत थेट पाहिली नव्हती, पेन्शनमध्ये परवडत नाही म्हणून. त्या दुपारी ते आमच्याकडे आले, समोरचं पंजाबी कुटुंब आलं, लेकीच्या दोन मैत्रिणी आल्या. माझ्याकडे पैसे भरलेलं कनेक्शन होतं, तरी आम्ही चॅनेल फोर लावलं. आजोबा म्हणाले, आज रस्त्यावरच्या प्रत्येक घरात हेच चालू असेल. शेवटच्या फेरीत व्हर्स्टॅपन पुढे गेला तेव्हा आमच्या घरात दोन तट पडले आणि बाहेरून कुठून तरी आरोळी ऐकू आली. तीन वर्षांत मी एवढ्या शर्यती थेट पाहिल्या, पण बाहेरून आरोळी एकदाही ऐकू आली नव्हती.

२०११ ला लोक ज्यासाठी भांडत होते ते हेच होतं, असं मला वाटतं. पैशांचा राग होताच. पण आमच्या गावात रेड बुलचा कारखाना आहे, सिल्व्हरस्टोन अर्ध्या तासावर आहे, आणि तरीही माझ्या लेकीच्या वर्गात तेव्हा एफ वन बघणारी जेमतेम चार मुलं होती. रविवारी दुपारी चॅनेल बदलता बदलता पोराच्या नजरेला गाडी पडायची आणि पोर तिथेच खिळायचं, ती सोय गेली. माझा स्वतःचा नाद कोल्हापुरात मामाच्या टीव्हीवर असाच योगायोगाने लागला होता.

अर्थात पगार, घर, सवयी प्रत्येकाच्या वेगळ्या. एकटे राहत असाल, रविवार मोकळा असेल, तर थेट बघण्यातली मजा मी नाकारत नाही. त्या तीन वर्षांतल्या काही दुपारी मी विसरणार नाही. मधला मार्गही आहे: वर्षभराचं न घेता एखाद्या दिवसाचा किंवा महिन्याचा पास घ्यायचा. अजिंक्यपद शेवटच्या शर्यतीवर आलं तर मी तो घेईन. आणि गाडी चालवत असाल तर बीबीसीच्या रेडिओवरचं समालोचन विसरू नका. डोळ्यांसमोर ट्रॅक उभा करतात ती माणसं.

पण तुम्ही मलाच विचारताय म्हणून सांगतो, निदान पहिलं वर्ष सारांशावर काढून बघा. नंतर पैसे भरायला कुणी अडवलेलं नाही.

आमच्याकडे आता सिल्व्हरस्टोनच्या रविवारी सगळे जमतात. २०२४ ला हॅमिल्टन तिथे जिंकला, तेव्हा आजोबांच्या डोळ्यांत पाणी होतं. वडे बायको तळते, खुर्च्या समोरच्या घरून येतात, आणि ताट-चमचा घेऊन लेक तयारच असते.