डिप्लोमाची पाच सेमिस्टरं आणि कव्हर घातलेलं सीएनसी

फी किती, शाखा कोणत्या, एआयसीटीईची म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता आहे का, हे सगळं कॉलेजच्या पत्रकात मिळतं. ते इथं परत लिहून कुणाचा वेळ खात नाही. माझी बहीण बेळगावजवळच्या एका लहान खासगी पॉलिटेक्निकात मेकॅनिकल डिप्लोमा करते, पाचवं सेमिस्टर चालू आहे आणि पैसे मी भरतो. म्हणून अनुभव माझाही समजा. कॉलेजचं नाव विचारू नका, तिचे इंटर्नल मार्क अजून त्यांच्या हातात आहेत.

माझा सगळा राग एका यंत्रावर आहे. पत्रकाच्या मागच्या पानावर ज्याचा फोटो आहे ते सीएनसी लेथ, म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर धातू कातणारं यंत्र. २०२३ साली प्रवेशाला गेलो तेव्हा ते चालू होतं. अॅल्युमिनियमच्या बारमधून बुद्धिबळाचं प्यादं काढून त्यांनी बाबांच्या हातात ठेवलं. बाबा खूश. मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सीएनसीवरच काम करतो, त्यामुळं मला प्याद्याचं कौतुक नव्हतं. पण लहान कॉलेजात यंत्र चालू आहे, कुलंटला (कातताना सोडायच्या थंड द्रवाला) वास नाही, बार धरणाऱ्या चकला गंज नाही, एवढं बघून मी हो म्हटलं.

सीएनसीचं लॅब ज्या सेमिस्टरला आलं, तेव्हा त्याच यंत्रावर निळं प्लास्टिकचं कव्हर होतं. बहीण घरी येऊन म्हणाली, ‘दादा, मशीन होमलाच जाईना झालंय.’ म्हणजे यंत्राला आपली सुरुवातीची जागाच सापडेना. अलार्म काय दाखवतंय विचारलं, तिनं मोबाईलवर फोटो दाखवला आणि माझं डोकं फिरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. अशा यंत्रात प्रत्येक अक्षाची जागा लक्षात ठेवायला मोटारीच्या एन्कोडरला (जागा मोजणाऱ्या भागाला) बॅटरीचा आधार असतो. या यंत्रात ती बॅटरी म्हणजे टॉर्चला घालतात तसले चार जाडे सेल, मागच्या पॅनेलमधल्या डबीत. वर्षातून एकदा बदलायचे. अट एकच: यंत्राची वीज चालू ठेवून बदलायचे. बंद करून सेल काढले की यंत्र आपला शून्य विसरतं. इथं कुणीतरी काळजी म्हणून आधी एमसीबी (विजेचा मुख्य स्विच) पाडला आणि मग सेल काढले. झालं. चार सेलची किंमत काही शे रुपये, त्यापायी लाखांचं यंत्र कव्हरखाली.

हे दुरुस्त होण्यासारखं आहे. हाताने अक्ष खुणेवर आणायचे, नियंत्रकाचं पॅरामीटर उघडून तिथं शून्य बसवायचा, बंद करून परत चालू करायचं, मग सावकाश फिरवून बघायचं की कुठं आदळत तर नाही. आमच्या शॉपमध्ये हे काम जेवणाच्या सुट्टीआधी उरकतं. कॉलेजचं उत्तर असं की कंपनीचा इंजिनिअर येईल, त्याची फेरी, प्रवास, राहणं, वर जीएसटी, आणि त्याला मॅनेजमेंटची मंजुरी लागते. मंजुरीला लिहिलंय. ‘लिहिलंय’ हा शब्द मी त्या ऑफिसात इतका ऐकला की आता घरात कुणी काही मागितलं तरी बाबा ‘लिहिलंय’ म्हणतात.

मी अर्ज दिला तर क्लार्क म्हणाला, पालकांनाच पाठवा. बाबा डोक्याला रुमाल बांधून गेले, तर त्यांना चहा देऊन परत पाठवलं. चहा बरा होता म्हणाले.

यंत्र बंद पडण्यापेक्षाही मला जास्त लागलं ते रेकॉर्डचं, म्हणजे प्रयोगाच्या वहीचं. प्रयोग तर झालाच पाहिजे, वेळापत्रकात आहे. मग मुलांनी संगणकावरच्या सिम्युलेटरवर जी-कोड (यंत्राला द्यायच्या आज्ञा) चालवला, मागच्या वर्षीच्या मुलांच्या रेकॉर्डातून मापं उतरवली आणि खाली लिहिलं, ‘निष्कर्ष: जॉब आराखड्याप्रमाणे तयार झाला.’ कुठला जॉब? बहिणीला मी विचारलं, मायक्रोमीटर कुठं लावलास? तिनं वही मिटली. सिम्युलेटर वाईट नाही, जी७१ ही कातण्याची आज्ञा चुकली तर तिथं फक्त पडदा लाल होतो, टूल मोडत नाही. पण तो यंत्राआधीचा भाग आहे. यंत्राऐवजी तो चालणार असेल तर फी कमी करा की.

आता कुणी म्हणेल, मग सरकारी पॉलिटेक्निकला का नाही घातलंत. तिथली फी आमच्या फीच्या जवळपासही येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. दहावीच्या मार्कांवर हवी ती शाखा मिळाली नाही. दुसरा रस्ता कोल्हापूरचा. सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्राच्या तंत्रशिक्षण प्रवेशात वेगळी सोय आहे. रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा दाखला लागतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा असाच तिकडं गेला, चांगलं चाललंय त्याचं. आम्ही हिशेब मांडला तर हॉस्टेल आणि मेसपुढं फी लहान दिसायला लागली. शिवाय ११ जून २०२३ ला कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट करणारी शक्ती योजना सुरू झाली आणि खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावातून बहिणीचा बेळगावपर्यंतचा प्रवास फुकट झाला. कंडक्टर शून्य रुपयांचं तिकीट फाडतो. तीन वर्षांचं बसभाडं वाचतं म्हटल्यावर बाबांचा कोल्हापूरचा विषय संपला. फुकटाची किंमत मात्र आहे. सकाळची बस तुडुंब येते, कधी थांब्यावर थांबतच नाही, आणि पहिला तास बुडाला तर हजेरी जाते. बहीण आता पहाटेची बस धरते आणि कॉलेजच्या पायरीवर बसून डबा खाते.

भाषेबद्दल थोडं, कारण मला मेसेज येतात. दहावी मराठी माध्यमातून, पुस्तकं इंग्रजीत, सर समजावतात कन्नडात. पहिलं सेमिस्टर जड गेलं, नंतर सवय झाली. कन्नड मातृभाषा नसलेल्यांसाठी ‘बळके कन्नड’ हा वेगळा विषय असतो, बोलण्यापुरतं कन्नड. त्याला घाबरायचं कारण नाही, आणि कारखान्यात ते रोज लागतं. एआयसीटीईच्या ई-कुंभ पोर्टलवर डिप्लोमाची काही पुस्तकं मराठीत फुकट मिळतात. आम्हाला हे पहिल्या वर्षी कुणीच सांगितलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवतोय. परीक्षेत इंग्रजी शब्दच लागतात, पण आधी मराठीत डोक्यात बसलं की इंग्रजी पाठ करावं लागत नाही.

आणखी एक. प्रवेशाच्या वेळी दहावीचं मूळ गुणपत्रक ठेवून घ्यायला बघतील. एआयसीटीईच्या नियमात मूळ कागद अडकवून ठेवता येत नाहीत. दाखवा, पडताळणी होऊ द्या, झेरॉक्स द्या, मूळ घेऊन घरी या. ऑफिसातला माणूस जरा मोठ्यानं बोलतो, तेवढंच.

इथपर्यंतचं बरंचसं मी मागच्या सेमिस्टरच्या शेवटी लिहून ठेवलं होतं, शेवटी ‘जाऊ नका’ असं लिहून. ते वाक्य आता काढलंय.

झालं असं की कॉलेजच्या मेकॅनिकल विभागातले एक सर, कंत्राटावर आहेत, वय माझ्याएवढंच, बहिणीकडून माझा नंबर घेऊन थेट आमच्या शॉपवर आले. म्हणाले, मॅनेजमेंटची मंजुरी कधी येईल सांगता येत नाही, तुम्ही बाजूला उभं राहा, शून्य मुलं बसवतील. माझ्या शेठनं हसत सुट्टी दिली. रविवारी लॅब उघडलं. यंत्राची पुस्तिका सरांनी आधीच वाचून, पानांना चिठ्ठ्या लावून ठेवली होती. मी हात खिशात घालून उभा. मुलांनी खुणा जुळवल्या, पॅरामीटर बदलण्याआधी जुने आकडे कागदावर उतरवले, बंद-चालू केलं. अलार्म गेला. मग सर म्हणाले, अजून कुणी टाळ्या वाजवू नका, आधी फीड (सरकण्याचा वेग) अगदी कमी ठेवून टरेट (टूल धरणारा भाग) सगळीकडं फिरवून बघू. हे वाक्य ऐकून मला त्या माणसाबद्दल जे वाटलं ते फीच्या पावतीवर कधीच दिसणार नाही.

त्या सगळ्या कामाचा त्यांनी एक प्रयोग करून रेकॉर्डात लिहून घेतला: सेल बदलणे व शून्य बसवणे. अभ्यासक्रमात नाही. आणि वर्गात मुलंच मोजकी, म्हणून प्रत्येकाचा हात यंत्राला लागला. माझ्या मित्राचा मुलगा शहरातल्या मोठ्या नावाच्या कॉलेजात आहे. तिथं यंत्रं जास्त, पण तो तिसऱ्या रांगेतून टाचा उंचावून बघतो. लहान कॉलेजचा फायदा तो हाच, आणि तोटा हा की तो फायदा एका सरांवर लटकतोय. ते सर उद्या दुसरीकडं गेले तर कव्हर परत चढेल. पगार वेळेवर होत नाही अशी कुजबूज आहेच. फी वाढवताना मात्र कुणाच्या मंजुरीची वाट बघावी लागत नाही.

जे विचारतात, ‘डिप्लोमा करून पुढं काय’, त्यांना थोडक्यात. केईए या कर्नाटकाच्या परीक्षा प्राधिकरणाची डीसीईटी ही डिप्लोमावाल्यांची प्रवेश परीक्षा देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला थेट जाता येतं. व्हीटीयूचं, म्हणजे कर्नाटकाच्या तंत्रज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय १९९८ पासून बेळगावातच आहे, त्यामुळं इथल्या प्रत्येक घराला वाटतं की मुलानं बीई करावं. मी तरी आधी नोकरी बघा म्हणेन. उद्यमबागेत, मच्छ्याला, होनग्याला कामाला माणूस लागतोच. बेळगाव जिल्ह्यातच हत्तरगीला विमानांचे भाग बनतात, तिथं मापाची शिस्त शिकायला मिळते. आणि आयटीआय झालेल्यांनी हे ऐका: तुम्हाला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. माझ्या वेळी हे मला कुणी सांगितलं असतं तर मी आज रात्रपाळी करत नसतो.

बहिणीच्या डिप्लोमाच्या सी-२० अभ्यासक्रमात सहावं सेमिस्टर इंटर्नशिपचं. सध्या घरात तोच विषय आहे. कॉलेज म्हणतं, कारखाना मिळाला नाही तर इथंच प्रोजेक्ट करा. त्याला माझा नकार आहे. ओळखीच्या दोन शॉपमालकांना विचारलं, दोघांचं उत्तर एकच: मुलगी आहे ना, इन्स्पेक्शनला बसवू, पंख्याखाली. बहिणीनं सरळ सांगितलं, ‘इन्स्पेक्शनला बसायचं असतं तर मी मेकॅनिकल घेतलंच नसतं की रे.’ कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावचा एक कारखाना मशीनवर घ्यायला तयार आहे. पण महाराष्ट्राच्या एसटीत शक्ती चालत नाही. तिथं बायकांना अर्धं तिकीट, तेही त्यांच्या हद्दीपुरतं. रोज जाऊन-येऊन हे जमणारं नाही. आता त्या कारखान्याला एवढंच विचारायचंय की मुलींच्या राहण्याची सोय तुम्ही करता, की आम्हीच खोली बघायची.